इमारतीआधीची सोसायटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात सहकारी चळवळीत गेली. तेव्हा सहकारावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं. मी वास्तुरचनाकार. पतपेढ्या आणि साखर कारखाने यांतलं मला फारसं कळत नाही. पण मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या सभांना मी सल्लागार म्हणून बसत आलो आहे, आणि तिथे सहकाराचं जे रूप दिसतं त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

या सभांत प्रश्न एकच असतो : किती? चटईक्षेत्र किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, बाहेर राहायचं भाडं किती, गाड्या लावायला जागा किती. मला या प्रश्नाची चेष्टा करायची नाही. अख्खा संसार दीड खोलीत काढलेल्या माणसाने आणखी एक खोली मागितली तर त्यात त्याचं काय चुकलं? पण ती इमारत कशी असेल, तिच्यात आपण म्हातारे कसे होऊ, शेजाऱ्याशी आपला संबंध लिफ्टपुरता उरेल की आणखी काही राहील, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर ते ‘आयत्या वेळच्या विषयां’त येतं, आणि तोवर चहा आलेला असतो.

मी आज त्या आयत्या वेळच्या विषयावर बोलणार आहे.

इतर देशांत त्याला ‘को-हाउसिंग’ म्हणतात; आपण सहनिवास म्हणू. त्यात प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं पूर्ण घर असतं, स्वयंपाकघरासकट, आतून कडी लागणारं. त्याखेरीज काही खोल्या सगळ्यांच्या असतात. आणि काय स्वतःचं, काय सगळ्यांचं, हे तिथे राहणाऱ्यांनी पाया खणण्याआधी एकत्र बसून ठरवलेलं असतं. यातली तिसरी गोष्ट गेली, की पहिल्या दोन कुठल्याही टॉवरच्या जाहिरातीत सापडतील. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, योगासनांचं दालन, सगळं असतं. पण ते ठरवणाऱ्याला तिथे एक रात्रही काढायची नसते. ताबा मिळून तीन-चार वर्षं झाली की तलावातलं पाणी काढून टाकायचं का, यावर सभा होते.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात फार चांगली झाली होती. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यापाठोपाठ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीच्या वस्त्या मोडून नव्या जागा मोकळ्या होऊ लागल्या. त्या काळात गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आशियातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँक काढणारे तेच. तालमकींच्या संस्थेत क्रम असा होता : आधी माणसं जमली, मग संस्था नोंदली, मग इमारती बांधल्या. घरं संस्थेची आणि सभासद तिचेच भाडेकरू.

पुढे हा क्रम उलटा झाला. विकासक जमीन घेणार, नकाशे काढणार, सदनिका विकणार आणि सगळं बांधून झाल्यावर ग्राहकांची सोसायटी करून देणार, हे गृहीत धरून १९६३ चा महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा आला. ग्राहकाला संरक्षण देणं हा त्याचा हेतू होता आणि तो रास्तच होता. (ते संरक्षण किती मिळालं, ते ज्यांची इमारत तीस वर्षांची झाली तरी जमीन अजून विकासकाच्याच नावावर आहे त्यांना विचारा. ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द ज्या राज्यात सामान्य माणसाला पाठ आहे, तिथे अधिक काय सांगायचं?) पण त्या कायद्याने एक सवय लावली. आपल्याकडे सहकार भिंती उभ्या राहिल्यानंतर सुरू होतो. सभासद पहिल्यांदा एकमेकांना भेटतात ते गळती, पार्किंग आणि पाण्याच्या वेळा यांवरून भांडायला. ज्या इमारतीची आखणी करताना त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्या चुका निस्तरायला त्यांची संस्था असते.

आणि आता, योजना करून नव्हे तर निव्वळ इमारती म्हाताऱ्या झाल्या म्हणून, तो क्रम पुन्हा सुलटा होण्याची संधी आली आहे. पुनर्विकासात सोसायटी आधीपासून अस्तित्वात असते, इमारत अजून व्हायची असते. माणसं एकमेकांना तीस-चाळीस वर्षं ओळखतात. कागद सरळ असतील तर जमीनही त्यांची असते. माझ्या सगळ्या बोलण्याचा भार या एका गोष्टीवर आहे.

पण ‘सगळ्यांच्या खोल्या’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चाळ येते, आणि चाळ आली की गळा दाटून येतो. तो मोह आधी दूर करू. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, सुखदुःखाला अख्खा मजला धावून यायचा, हे सगळं खरं आहे. हेही खरं की बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची होती. मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सामाईक. पहाटे नळावर कोण उभं राहायचं? रात्री आजारी बाईने मजल्याच्या टोकापर्यंत कसं जायचं? चाळीत वाटून घेतलं जायचं ते कमतरतेपोटी, आणि त्या वाटणीचे कष्ट बहुतेक बायकांच्या वाट्याला यायचे. बीडीडी चाळींतल्या रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. त्यांच्यातल्या कुणालाही सामाईक संडासाची आठवण येत असेल असं मला वाटत नाही.

चाळीतून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती मोजून घेता येते : गॅलरी. घरात जायचा रस्ता शेजाऱ्याच्या दारावरून जायचा, तो उघड्या हवेतला होता, आणि खुर्ची टाकून बसलं तरी माणूस बाजूने जाऊ शकेल इतकी त्याची रुंदी होती. बसायचं ठिकाण आणि जायचा रस्ता एकच असल्यामुळे ओळखी आपोआप होत. आजच्या टॉवरात लिफ्टबाहेर जी ट्यूबलाइटच्या उजेडातली बंदिस्त जागा असते, तिथे कुणीही दोन मिनिटंसुद्धा उभं राहत नाही.

आता थोडं बाहेर जाऊ. डेन्मार्कमध्ये यान गुडमन-हॉयर नावाच्या वास्तुरचनाकाराने १९६४ साली काही मित्रांना जमवलं. कोपनहेगनजवळ जमीन घेतली, नकाशे काढले. पण आसपासच्या लोकांनी विरोध केला आणि बेत बारगळला. १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने एका दैनिकात लेख लिहिला : मुलांना शंभर आईबाप असायला हवेत. लेख वाचून लोकांची पत्रं आली, गट जमले, गुडमन-हॉयर यांनीही १९६८ मध्ये आपली कल्पना लिहून मांडली, आणि १९७२ साली हिलरॉडजवळ सेत्तेडॅमेन ही २७ घरांची वसाहत राहती झाली. मधोमध एक सामाईक घर. तिथे संध्याकाळचं जेवण पाळीपाळीने रांधायचं. घरोघरी दोघंही नोकरी करणारे. रोज संध्याकाळी दमून आल्यावर चुलीशी उभं राहण्याऐवजी कधीतरी एकदा पुष्कळांसाठी रांधायचं आणि उरलेले दिवस आयतं जेवायचं. डॅनिश बायकांना ही कल्पना का आवडली असेल हे समजायला समाजशास्त्र लागत नाही.

मात्र डेन्मार्क आपल्याला एका मर्यादेपर्यंतच उपयोगी. तिथली ती वसाहत बसक्या, लागून असलेल्या घरांची. आपला प्रश्न शहरातल्या सात मजली इमारतीचा. म्हणून मला बार्सिलोनातली ‘ला बोर्दा’ जवळची वाटते. सान्त्स भागात कान बॅटलो नावाची जुनी कापडगिरणी होती. तिच्या जागेचं पुढे काय करायचं यावर रहिवाशांनी वर्षानुवर्षं झगडा केला, २०११ मध्ये ते आत शिरले, आणि पालिकेला तिथे त्यांना जागा द्यावी लागली. त्या चळवळीतून २०१२ साली एक गृहनिर्माण सहकारी संस्था निघाली. पालिकेने जमीन ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. लाकोल या वास्तुरचनाकारांच्या सहकारी संस्थेने आराखडा केला, आणि २०१८ मध्ये २८ घरांत लोक राहायला आले. (गिरणीची जागा म्हटल्यावर परळ-लालबागची आठवण येणारच. १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. आपल्यालाही ला बोर्दा करता आली असती. आपण मॉल केले.)

ला बोर्दाची रचना सांगतो. इमारतीचा सांगाडा बहुतांशी लाकडाचा आहे. मध्ये चौक, चौकाभोवती गॅलऱ्या, म्हणजे आपल्याला अगदी ओळखीची मांडणी. चौकावर पारदर्शक छप्पर. थंडीत ते बंद करून ऊब धरतात, उन्हाळ्यात उघडून गरम हवा वर सोडतात. कपडे धुण्याची जागा सामाईक, पाहुण्यांच्या खोल्या सामाईक, एक मोठं स्वयंपाकघर आणि जेवणघर. तळघरात गाड्या लावायची सोय करणं नियमाने भाग होतं. संस्थेने पालिकेशी बोलून त्यातून सूट मिळवली, आणि एवढ्या एका गोष्टीने खर्च बराच खाली आला. घरांचे आकार तीन : मूळ घर ४० चौरस मीटरचं, त्याला एक खोली जोडली की साठ, आणखी एक जोडली की साधारण पंचाहत्तर. खोल्यांची जागा अशी ठेवली आहे की एका घराची खोली पुढे शेजारच्या घराकडे जाऊ शकते. घर कुणाच्याच मालकीचं नाही, मालक संस्था. सभासद सुरुवातीला एक रक्कम भरतो, ती सोडून जाताना परत मिळते. दरमहा ठरलेली रक्कम देतो आणि हवी तितकी वर्षं राहतो. घर विकून नफा काढण्याची सोयच नाही. तालमकींना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

झुरिकमध्ये ट्रामच्या डेपोवर बांधलेली काल्कब्राइटे ही वसाहत २०१४ पासून राहती आहे. तिथल्या एका युक्तीला ते ‘जोकर खोली’ म्हणतात. स्नानगृहासह एक सुटी खोली, स्वयंपाकघराशिवाय. मुलगा वयात आला, आई गावाहून राहायला आली, नवरा-बायकोला काही महिने वेगळं राहून बघायचं आहे, अशा वेळी सभासदाने ती काही महिन्यांसाठी किंवा काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायची आणि गरज सरली की परत करायची. पत्त्यांतल्या जोकरसारखी ती कुठल्याही घराला लागते.

आपल्या दोन बेडरूमच्या घराचा विचार करा. तरुण जोडपं येतं तेव्हा एक खोली रिकामी असते. पंधरा वर्षांनी दोन मुलं आणि आजी मिळून पाच माणसं त्यात कोंबलेली असतात. तीस वर्षांनी एक मुलगा बंगळूरला, एक टोरांटोला, आणि दोन खोल्यांत दोन म्हातारे, नाहीतर एकच. घराचा आकार बदलत नाही, म्हणून माणसं घर बदलतात. पन्नाशीत मोठं घ्यायला कर्ज काढतात, आणि सत्तरीत, सगळे ओळखीचे ज्या इमारतीत आहेत ती सोडून लहान घरात जातात. बदलता येईल अशी इमारत बांधली तर हे टळतं.

असं बांधणं अवघड नाही, पण आज आपण जे बांधतो आहोत ते नेमकं उलट आहे. हा मुद्दा जरा तांत्रिक आहे, तरी सांगतो, कारण सभेत तो कुणीच सांगत नाही. हल्ली टॉवर बांधताना ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. साइटवर सगळे त्याला ‘मायव्हान’ म्हणतात. काम झपाट्याने होतं, गिलावा वाचतो, विकासकाचं व्याज वाचतं. पण त्यात घराच्या आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि बहुधा भार पेलणाऱ्या असतात. उद्या दोन खोल्यांची एक करायची, दार सरकवायचं, शेजारचं घर जोडून घ्यायचं, तर हात लावता येत नाही. विक्रीच्या माहितीपत्रकात आज जो नकाशा आहे तोच पन्नास-साठ वर्षं राहणार. तुमची नातवंडं तुमच्या चाळिशीच्या गरजांसाठी कापलेल्या खोल्यांत राहणार.

डच वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्येच सुचवलं होतं की इमारतीचे दोन भाग वेगळे धरा. सांगाडा, जिने, पाण्याचे उभे नळ हे सगळ्यांचे आणि दीर्घकाळ टिकणारे. आतल्या भिंती, दारं, ओटे हे राहणाऱ्याचे आणि केव्हाही बदलता येणारे. आपल्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच : खांब आणि तुळया काँक्रीटच्या, मधल्या भिंती विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या. खांब खोल्यांच्या कोपऱ्यांत दडवण्यापेक्षा ठरावीक अंतरावर, सरळ ओळीत. संडास-मोरीचे नळ कुणाच्या घरातून न नेता गॅलरीतून उघडता येईल अशा डक्टमध्ये. ही शेवटची सूचना पाळली तर सोसायटीतली निम्मी भांडणं होणारच नाहीत, कारण वरच्याची गळती खालच्याच्या छतातून शोधावी लागणार नाही. आणि प्रत्येक दोन घरांच्या मध्ये एक जोडखोली : दोन्ही घरांत उघडणारी दारं, तिसरं दार गॅलरीत, स्वतःचं स्नानगृह. एका वेळी एकच दार उघडं, बाकीची बंद.

ही खोली कुणाच्या नावावर? इथे घोटाळा होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. कुणाच्याच नाही. दस्तनोंदणीत ती कुठल्याही सदनिकेत धरायची नाही. ती सोसायटीची राहते, सोसायटी ती सभासदाला ठरावाने, ठरलेल्या मुदतीसाठी आणि ठरलेल्या शुल्काने देते. असं नाही केलं तर पहिल्या दहा वर्षांत ती कुणाच्या तरी सदनिकेत गुपचूप विरघळते.

बदलत्या घराचा एक मोठा प्रयोग आपल्या नवी मुंबईतच झाला. चार्ल्स कोरिया यांनी सीबीडी बेलापूरला १९८० च्या दशकात ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ बांधलं. सुमारे ५५० कुटुंबं, बैठी आणि दुमजली घरं. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एक मोठा चौक, असं करत पुढे. प्रत्येक घर आपल्या स्वतंत्र तुकड्यावर. शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, त्यामुळे त्याची परवानगी न मागता वाढवता येईल. लोकांनी खरोखरच वाढवलं, इतकं की मूळ घरं आता शोधावी लागतात. पुष्कळांनी ती पाडून नवे बंगले बांधले. काही वास्तुरचनाकार याला प्रयोगाचं अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. चौक अजून आहेत, मुलं अजून तिथे खेळतात. कोरियांनी जे सामाईक होतं ते पक्कं ठरवलं आणि जे खासगी होतं ते मोकळं सोडलं. मोकळं सोडलेलं बदललं, यात रडण्यासारखं काय आहे?

आता पर्यावरणाचं. सौर पॅनेल आणि पावसाचं पाणी साठवणं यांवर मी वेळ घालवणार नाही. नियमाने बरंचसं करावं लागतंच, आणि गच्चीवरची पॅनेलं दाखवून पंचवीस मजल्यांचं पाप धुता येत नाही. खरा हिशेब सिमेंट आणि पोलादाचा आहे, आणि तो आपण बांधतो तेव्हाच लागतो. पंचेचाळीस वर्षांची तीन मजली इमारत पाडून तिथे बावीस मजले चढवायचे, त्यांतल्या सहा मजल्यांवर नुसत्या गाड्या, प्रत्येक घरात वर्षातून पंधरा दिवस वापरली जाणारी पाहुण्यांची खोली, प्रत्येक घरात एक धुलाई यंत्र आणि ते ठेवायला एक बाल्कनी. हे सगळं काँक्रीट कुठून तरी खणून, भाजून, वाहून आणलेलं असतं. कमी बांधणं याहून मोठा पर्यावरणाचा उपाय माझ्या व्यवसायाला माहीत नाही. सहनिवास कमी बांधायला शिकवतो, एवढ्याचसाठी मला तो महत्त्वाचा वाटतो. आणि जिथे संरचना तपासणीत इमारत दुरुस्त होण्यासारखी निघते तिथे माझा सल्ला असतो : पाडू नका. असं सांगणाऱ्या सल्लागाराला पुन्हा बोलावत नाहीत, तो भाग वेगळा.

उंचीचा दुसरा खर्च दरमहा येतो. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. जुन्या सोसायटीत हे आकडे कुणी मनावर घेत नाही, कारण मूळ खर्चच काही लाखांचा होता. नव्या टॉवरात तेवढाच टक्का लावून पाहा. त्यावर लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, पंप, यांत्रिक पार्किंग, पहारेकरी. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला पुनर्विकासात घर मोठं मिळतं आणि दोन-तीन वर्षांत तो ते विकून बदलापूरला जातो. आपण त्याला भाग्यवान म्हणतो.

कागदावर एक हिशेब मांडू. समजा, चाळीस सभासदांची सोसायटी आहे. प्रत्येकाने आपल्या वाढीव चटईक्षेत्रातले वीस चौरस फूट सोडले, म्हणजे एका माणसाचा पलंग मावेल एवढी जागा. एकूण आठशे चौरस फूट झाले. त्यात स्नानगृहासह पाहुण्यांच्या दोन खोल्या बसतात, इस्पितळातून घरी आलेल्या माणसाला तळमजल्यावर ठेवायला त्यांतलीच एक वापरता येते, बारसं किंवा तेराव्याचं जेवण होईल एवढं एक दालन बसतं, आणि शिडी, ड्रिल मशीन, जादा खुर्च्या ठेवायची कोठी. सोसायटीचं कार्यालय, व्यायामशाळा अशा काही जागांना नियमांत मर्यादित सूट मिळते. बाकीचं क्षेत्र मंजूर चटईक्षेत्रातूनच काढावं लागेल. तेव्हा हे फुकट नाही. पण त्याच्या बदल्यात चाळीस घरांतल्या चाळीस पाहुण्यांच्या खोल्या वाचतात, आणि जी खोली बांधलीच नाही तिचं कर्ज, घरपट्टी, झाडलोट काहीच लागत नाही.

मी सामाईक स्वयंपाकघर म्हटलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दामच टाळलं. डेन्मार्कमध्ये जिथून सुरुवात झाली तिथे आपण शेवटी पोचावं असं माझं मत आहे. आपल्याकडे ताटात काय आहे यावरून माणसाची जात विचारली जाते, आणि मासे तळण्याचा वास आला म्हणून भाडेकरूला घर सोडायला लागतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन. दुसऱ्याच्या हातचं रोज खाण्याची सवय मुंबईला तेव्हाही होती आणि आज डबे व पोळी-भाजी केंद्रांच्या रूपाने घरोघरी आहे. म्हणजे अडचण हाताची नाही, एकाच पंगतीला बसण्याची आहे. शिडीपासून सुरुवात करा, पाहुण्यांच्या खोलीपर्यंत या. पंगत आपोआप बसली तर बसेल.

जात निघालीच आहे तर या विषयातली सगळ्यांत अवघड गोष्ट बोलून टाकतो. सहनिवासाची पुस्तकं सांगतात, समविचारी माणसं जमवा. युरोपातही या वसाहतींवर टीका झाली आहे ती याच कारणाने : त्या एकाच थरातल्या सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या होतात. आपल्याकडे ‘समविचारी’ म्हणजे काय होईल हे तुम्ही-मी जाणतो. तालमकींची संस्थाही एका ज्ञातीची होती, हे विसरून चालणार नाही. २००५ साली अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. म्हणजे कायदा अशा निवडीला आडवा येत नाही. शेजारी निवडण्याचा अधिकार मिळालेला गट इथे आधी आडनावं वाचेल.

म्हणूनच मी नवे गट जमवण्याऐवजी जुन्या सोसायट्यांकडे बघतो. १९७० किंवा १९८० मध्ये दादरला, मुलुंडला, कोथरूडला ज्यांनी घरं घेतली त्यांना शेजारी निवडता आले नव्हते. बँकेतला कारकून, एसटीतला अधिकारी, मंगळूरचा हॉटेलवाला, शाळेतल्या बाई, असे ज्याच्या त्याच्या कर्जाच्या ऐपतीनुसार एकत्र आले. प्रत्येक सोसायटी अशी नाही, काही एकाच साच्याच्या आहेत. पण ज्या अशा मिश्र आहेत त्यांचा हा योगायोगाने झालेला मिलाफ मला फार मोलाचा वाटतो. ते एकमेकांशी भांडले आहेत आणि तरी टिकले आहेत. लंडनमध्ये पन्नाशीपुढच्या स्त्रियांच्या एका गटाने स्वतःसाठी पंचवीस घरांचा सहनिवास उभारला. गट १९९८ मध्ये जमला, घरात राहायला गेल्या २०१६ साली. अठरा वर्षं जमीन, पैसा आणि परवानग्या मिळवण्यात गेली. आपल्या कितीतरी सोसायट्यांकडे जमीन आज हातात आहे, आणि सभासद घंटा वाजवून पाच मिनिटांत गच्चीवर जमतात.

सरकारचंही थोडं सांगायला हवं. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिलेली आहे; ४ जुलै २०१९ ला ती सुधारली. त्याच वर्षी स्वयंपुनर्विकासासाठी, म्हणजे सोसायटीने विकासकाला न देता स्वतःच बांधण्यासाठी, वेगळा निर्णय काढून सवलती जाहीर केल्या. हा मार्ग सोपा आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कर्ज उभं करायचं, कंत्राटदार सांभाळायचा, वाढीव घरं विकायची, आणि हे सगळं निवृत्त सचिव, खजिनदार आणि एका उत्साही सीए सभासदाच्या जिवावर. मी काही समित्यांना यात अक्षरशः आजारी पडताना पाहिलं आहे. पण विकासकाचा नफा वाचला की जे हातात येतं, त्याचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीकडे राहतो. बहुतेक सोसायट्या ते सगळं घराघरांत वाटून मोकळ्या होतात. त्यातला थोडा भाग सगळ्यांसाठी ठेवा, एवढंच मी मागतो आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं आहे, त्यांना एक विनंती. निविदा काढण्याआधी एक विशेष सर्वसाधारण सभा फक्त या एका विषयासाठी बोलवा : नव्या इमारतीत काय सगळ्यांचं असेल आणि काय बदलता येण्यासारखं असेल. त्या दिवशी चौरस फुटांचा आकडा कुणीही काढायचा नाही, असं आधीच ठरवा. ज्यांच्या नावावर घर आहे तेवढ्यांनाच नका बोलावू. घर चालवणाऱ्या बायकांना बोलवा, भाडेकरूंना बोलवा, कॉलेजात जाणाऱ्या मुलांना बोलवा, आणि जिना चढता येत नाही म्हणून जे सभेला येत नाहीत त्यांच्याकडे जाऊन सभा घ्या. आतल्या भिंती काँक्रीटच्या नकोत, नळांच्या डक्टला गॅलरीतून दार हवं, जोडखोल्या सोसायटीच्या नावावर हव्यात, असं जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि ते इतिवृत्त निविदेला जोडा. ज्याला मान्य असेल तोच निविदा भरेल. एकदा पाया भरला की यातलं काहीही करता येणार नाही.